शेजारचं पांढरं

रोह्याच्या त्या आळीत बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, घर आता एकच उरलं आहे, मिरियमबाईंचं. नवरा, एलिजा, यंदाच्या उन्हाळ्यात वारले. मुलगी शीरा लग्न होऊन इस्राएलला गेली, ती तिकडचीच झाली.

वर्षाचा मोठा उपास त्या दिवशी संध्याकाळी लागणार होता. अंघोळ करून पांढरं नेसायचं, दारं लावून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही, अशी त्यांच्याकडची जुनी रीत. मिरियमबाई या दिवशी लग्नातलंच पांढरं पातळ नेसत. सकाळी ते धुऊन दोरीवर टाकलं, तर पिवळट दिसलं. पुन्हा बुडवलं, नीळ घातली. तरी मळकटच.

शेजारची अनिता वाळलेले कपडे काढायला आली. "मावशी, किती वेळा धुवाल? फाटंल ते."

"पिवळं हाय गो. असलं नेसून उपासाला बसू?"

"तुमचा देव काय साबणाच्या जाहिराती बघतो?"

"देव नाय बघत. मी बघते."

अनिताने पातळाशेजारची आपली कोरी पांढरी चादर ओढून घेतली. "आता बघा."

पातळ एकाएकी उजळलं.

"लबाड हायस."

"मी नाय, चादर लबाड."

मिरियमबाई हसल्या, पण मनातून खात्री पटली नाही. पूर्वी या उपासाला पेणच्या सिनेगॉगमध्ये बायकांची पांढरी रांग बसायची. सासूबाई सगळ्यांवरून नजर फिरवून हळूच म्हणायच्या, "मिरियम, तुझं यंदा काळवंडलं गो." कुणी तरी नवं नेसून शेजारी बसलेली असायची. तेव्हा फार राग यायचा.

ऊन उतरलं. त्यांनी दिवा लावला, पातळ नेसलं, दार लावून घेतलं. भिंती शेवाळी, कपाट काळं, फरशी लाल. त्या सगळ्यात पातळ शुभ्र दिसत होतं. दिवसभर हेच तर हवं होतं. त्या पदराकडे बघत राहिल्या. त्याला नावं ठेवणारं खोलीत काहीच नव्हतं.

जरा वेळाने त्या उठल्या. कपाटातून एलिजांचा पांढरा सदरा काढला. गेल्या उपासाला शिवलेला, एकदाच अंगाला लागलेला. तो शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर घातला.

पातळ लगेच पिवळं पडलं.

मिरियमबाईंनी खुर्ची आणखी जवळ ओढली आणि हलक्या आवाजात प्रार्थना सुरू केली.