मखमलीवरचं गोणपाट

बाई येणार असल्या की आमची खोली श्रीमंत व्हायची. भिंतीपलीकडे माझा धाकटा भाऊ राहतो. त्याच्या घरातला टेबलफॅन, आरसा, फुलाफुलांची चादर, एवढंच काय, नवी बादलीसुद्धा सकाळीच माझ्याकडे येऊन बसायची. "ताई, एवढी चादर ठेवा हं," असं भावजय कुजबुजत राहायची आणि मी आपल्याच घरात अंग चोरून चालायचे. सगळ्यात शेवटी यायची ती खुर्ची. ती आणताना भाऊ असा इकडेतिकडे बघायचा, की कुणाला वाटावं हा स्वतःच्याच घरात चोरी करतोय.

त्याला सगळे ससा म्हणतात. लहानपणी ढग गडगडले की माझ्या पाठीमागे लपायचा, तेव्हा मीच ठेवलेलं नाव. मोठा झाला, बाप झाला, पण काळीज सशाचंच राहिलं. धंदा सोफे-खुर्च्यांचा. जुनं कापड उसवायचं, स्प्रिंगा आवळायच्या, फोम भरायचा, नवं कापड ताणून ठोकायचं. काम करताना बारीक खिळे तोंडात धरतो आणि जिभेनं एकेक पुढे सरकवतो. कुणी अवघड प्रश्न विचारला, तर हा पठ्ठ्या काम नसतानाही मूठभर खिळे तोंडात कोंबतो. बोलायची कटकटच नको! हात मात्र सोन्याचे. "खिळा दिसला की काम फुकट," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

त्याची मुलगी चिमणी. तिला छातीचं दुखणं आहे. आडवं झालं की श्वास कोंडतो. रोजचं औषध आहे आणि ते आमच्या बापजन्मी परवडणारं नाही. "हे औषध मध्ये थांबलं, तर पुढचं माझ्या हातात नाही," असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. त्याच सुमारास ससा बाईंच्या बंगल्यावर सोफ्यांचं काम करत होता. त्याचा उतरलेला चेहरा बघून बाईंनी आपणहून विचारलं, ऐकलं आणि औषधाचा सगळा भार उचलला. त्या देवासारख्या धावून आल्या, हे मी आजही म्हणते.

मग भीती कसली? बाई वाईट असत्या तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण त्या चांगल्या होत्या, आणि धास्ती होती ती त्याचीच. आमच्या गल्लीच्या टोकाला एक धोबीण राहते. तिच्या पोराच्या शाळेचंही बाईच बघायच्या. एकदा त्यांना तिच्या घरी टीव्ही दिसला. बाई रागावल्या नाहीत, उलट तिचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "किती बरं वाटलं! आता तुमचं मार्गी लागलं. आता दुसऱ्या कुणाला तरी हात देऊ या." झालं. पोरगं शाळेतून घरी. टीव्ही कुणाचा तरी जुना, फुकट मिळालेला होता, आणि त्यात चित्र कमी, मुंग्याच जास्त. पण ते सांगणार कोण आणि ऐकणार कोण?

तेव्हापासून आमच्या सशाचे कान सतत गल्लीकडे. रस्त्यावर मोटारीचं दार वाजलं तरी तो दचकायचा.

त्यात ती खुर्ची. चिमणीला बसल्याबसल्या झोपता यावं म्हणून त्यानं ती स्वतः बनवली होती. भंगारातला सांगाडा, पण पाठ अशी तिरकी आणि मऊ, की पोर टेकली की तिचे खांदे सैल पडायचे. वरून गर्द हिरवी मखमल. ही मखमल बाईंच्याच सोफ्याची. कापून उरलेले तुकडे कारागिराचे, असा या धंद्यातला रिवाज आहे. पण तो बाईंना ठाऊक असेल कशावरून? म्हणजे श्रीमंतीचा संशय एक आणि चोरीचा दुसरा.

त्या दिवशी बाई आल्या तेव्हा चिमणी सतरंजीवर होती, पाठीशी उशा रचलेल्या. एरवी बाई उभ्याउभ्या विचारपूस करून जायच्या. त्या दिवशी सोबत त्यांची मैत्रीण होती. बाई स्टुलावर बसल्या आणि मैत्रिणीला समजावून सांगू लागल्या, "बघ, नुसतं देऊन भागत नाही. खऱ्या गरजूलाच पोचतंय का, हे डोळ्यांनी बघावं लागतं." मैत्रीण मान डोलवत होती. ससा कोपऱ्यात उभा, तोंडात खिळे. उशा हळूहळू घसरत होत्या.

चिमणीचा श्वास आधी शिट्टीसारखा वाजला. मग ती तोंड उघडून हवा ओढायला लागली. ओठ काळसर पडले. भावजयीनं तिला उचलून धरलं, पण पोर मागे टेकायला काही शोधत होती. तिचा हात सारखा भिंतीकडे जात होता, माझ्या खोलीकडे. मी सशाकडे बघितलं. खुर्ची आणली तर औषध जाणार, नाही आणली तर पोर. मला वाटलं, हा जागचा हलणार नाही. मीही हलले नव्हते, खोटं कशाला सांगू?

ससा धावला. खुर्ची डोक्यावर घेऊन आला, पोरीला तीत बसवलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिला. हळूहळू तिच्या ओठांवर रंग आला.

मग बाईंनी मखमलीवरून बोट फिरवलं.

"हे आमच्या सोफ्याचं कापड ना?"

सशानं खिळे तळहातावर थुंकले. "उरलेले तुकडे होते, बाई. देवाशप्पथ, उरलेलेच."

"अहो, घाबरता काय? काय सुरेख केलीय!" बाई मनापासून हसल्या. आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. पण दारात त्या वळल्या. "खरंच बरं वाटलं. तुमचं आता हळूहळू मार्गी लागतंय."

मार्गी! तो शब्द ऐकला आणि भावजय मटकन खाली बसली. माझी जीभ काही गप्प बसत नाही. मी म्हणाले, "बाई, खुर्ची त्यानं केली. औषध त्याला करता येत नाही."

बाई गोंधळल्या. "मी कुठे नाही म्हणतेय? बघू या की."

मोटार गेली. ज्यांच्याकडे असतं त्यांनी द्यावं, जरूर द्यावं. पण त्यांच्या 'बघू या'वर माझी भाची श्वास घेते, हे त्यांना कुणी सांगायचं? त्यांना ती दोन शब्दांची गोष्ट, आमच्या डोळ्याला महिनाभर डोळा लागत नाही.

सशानं माळ्यावरून गोणपाट काढलं, पोरीला आईच्या मांडीवर दिलं आणि मखमलीवर गोणपाट ताणून ठोकायला बसला. वेडेवाकडे, वरूनच, डोकी दिसतील असे खिळे. आयुष्यात त्यानं असं काम केलं नव्हतं.

"बाबा, बाई रागावल्या?" चिमणीनं विचारलं.

"नाही गं. त्यांना आवडली खुर्ची."

"मग?"

त्यानं आणखी खिळे तोंडात घातले.

पुढच्या खेपेला बाई एकट्याच आल्या. गोणपाट बघून त्यांचे डोळे भरले. "ती मखमल विकावी लागली का हो?" ससा खाली मान घालून उभा राहिला. त्यांनी औषधाची पिशवी भावजयीच्या हातात दिली. मग त्या खुर्चीजवळ वाकल्या. "कशी आहेस, बाळ?"

त्या महिन्यात औषधानं चिमणीला खूप उतार पडला होता. त्याच सकाळी ती जिना चढून गच्चीवर गेली होती आणि तिनं आनंदानं ओरडून आम्हाला वर बोलावलं होतं. तिनं आधी बापाकडे बघितलं, मग बाईंकडे. आम्ही तिला काहीही शिकवलं नव्हतं.

"बरं नाही," ती म्हणाली, आणि खोकली.