कुवेतची पेन्शन

"आधी एक रुपयाही नको, भाभी. फक्त या मुखत्यारपत्रावर सही करा. गॅरेजचं नाव नुसतं फॉर्मॅलिटी म्हणून टाकलं."

एजंटचं हे बोलणं ऐकून मी कान टवकारले. मी उमरखेडला पीएफची कामं करतो. आधी पैसे मागणारा परवडला, काहीच न मागणाऱ्याची मला भीती वाटते. मुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा हक्क दुसऱ्याला देणं. गॅरेज विकायचासुद्धा.

रझियाभाभी तो कागद दाखवायला आल्या होत्या. एजंट त्यांना एकटं सोडतच नव्हता, इथेही सोबत आला होता. त्यांचे पती अकबरभाई कुवेतला मेकॅनिक होते. परत येऊन गॅरेज टाकलं आणि पन्नाशीतच गेले. आता गॅरेजच्या भाड्यावर घर चालत होतं. एजंट म्हणे कुवेतहून विधवा पेन्शन आणणार.

"तांड्यातल्या राठोडबाईले जर्मनीहून येते ना? मग मले काहून नाही?" भाभींनी विचारलं.

राठोडबाईंची पेन्शन खरी होती, त्यांचा नवरा जर्मनीत कामाला होता. म्हणून तर गळाला मासा लागत होता. जर्मनीत परदेशी कामगाराच्याही पगारातून पेन्शनचा हप्ता कापतात. पुरेशी वर्षं भरला, तर त्याच्यामागे बायकोला मिळते. कुवेतचा फंड तिथल्या नागरिकांसाठी. आपल्या माणसाला नोकरी सुटताना कंपनी एकरकमी 'हिसाब' देते, खेळ खलास.

मी एजंटला सहज विचारलं, "अकबरभाईंचा तिथल्या पेन्शन फंडासाठी हप्ता कापायचे का हो?"

"म्हणजे काय! सगळ्यांचाच कापतात, साहेब."

"मग कापल्याची एक स्लिप आणा. भाभी तेव्हाच सही करतील."

त्याला फोन आला. बाहेर गेला तो गेलाच.

भाभींचा चेहरा पडला. मलाही वाईट वाटलं. म्हटलं, "कुवेतच्या आधी काय करायचे ते?"

"इथल्याच सूतगिरणीत होते, बारा वर्सं. पण तो फंड काढून घेतलता. त्याच्यातच तर कुवेतचं तिकीट आलं."

इथेच लोक चुकतात. पीएफमध्ये फंड वेगळा, पेन्शन वेगळी. दहा वर्षं भरली, की फंड काढला तरी पेन्शनचा हक्क उरतो, माणसामागे त्याच्या बायकोलाही. जगभर शोधलं आणि पेन्शन निघाली आपल्याच जिल्ह्यातली.

मी फॉर्म पुढे केला. भाभींनी हात मागे घेतला.

"तुमी कायले करून राह्यले एवढं? तुमाले काय भेटते यात?"

मी फी सांगितली. तरी भाभींनी फॉर्म घरी नेला, दोघा-तिघांकडून वाचून घेतला, मग सही केली. मला राग आला. पण संशय घ्यायला मीच शिकवलं होतं, बोलणार काय?

काही महिन्यांनी पेन्शन सुरू झाली. भाभी सांगायला आल्या.

"लयच कमी हाये, साहेब."

"कमी आहे ना? म्हणजे खरी आहे," मी म्हणालो.