रोखीची खानावळ

१२ डिसेंबर १९५५ रोजी ठाकूरद्वारच्या एका उद्योग साहाय्यक मंडळाने कमळाबाईंना बिनव्याजी एकशे पंचाहत्तर रुपये दिले. दरमहा पंधरा रुपये फेडायचे. नवरा गेल्यापासून नऊ वर्षे कमळाबाई लालबागच्या चाळीत गाववाल्या गिरणीकामगारांची खानावळ चालवीत होत्या. बाराजण जेवत. मोठे टोप, पराती आल्या तर आणखी सहाजण बसणार होते.

मंडळाचे चिटणीस कमलाकांतराव भले गृहस्थ. त्यांची अट एकच : जेवणाऱ्यांकडून महिन्याचे पैसे आगाऊ घ्यायचे.

"उधारीनंच आपला मराठी माणूस धंद्यात मार खातो, बाई."

कमळाबाईंनी मान डोलावली. खानावळीचे पैसे पगार झाल्यावरच येतात, हे त्या बोलल्या नाहीत. त्यांना टायफॉईड झाला तेव्हा याच माणसांनी महिनाभर स्वतः चूल पेटवली आणि पैसे मात्र पुरे मोजले होते, हेही नाही. मंडळाच्या कचेरीत असल्या गोष्टी कुठे सांगायच्या!

नवे टोप, पराती आल्या, पंगतीला अठराजण बसू लागले. जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला नाही असे ठरले आणि शहर पेटले. गोळीबार, संचारबंदी, गिरण्या बंद. फेब्रुवारीचा पगार तुटकाच झाला. त्यातूनही सगळ्यांनी जानेवारीचे जेवण चुकते केले. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या पद्मजाबाई तपासणीला आल्या.

"हे तर मागाहूनचे पैसे. आगाऊ कुठे आहेत? अट मोडलीत तर सगळी रक्कम एकदम भरावी लागेल."

संध्याकाळी पंगत बसण्याआधी कमळाबाई दारात उभ्या राहिल्या आणि चालू महिन्याचे पैसे मागितले.

मग गुणाजी उठला. जुन्या बाराजणांत तो वडीलधारा.

"वैनी, आमी तुझो एक पैसो तरी बुडवलो काय?"

"तसा नाय रे भावजी. मंडळाचो नियम आसा."

"मग मंडळाकच जेवूक घाल!"

पाठोपाठ बाकीचेही उठले. अठरा माणसांचा भात टोपात तसाच राहिला. शेजारच्या चाळीतल्या रमाबाईंच्या खानावळीत त्यांची ताटे त्याच रात्री मांडली गेली.

कमळाबाई मंडळात गेल्या. अट काढा, माणसे परत येतील, म्हणाल्या. कमलाकांतरावांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा दिला.

"एकीसाठी नियम मोडला तर उद्या दहाजणी येतील."

त्यांच्या पाठच्या भिंतीवर संयुक्त महाराष्ट्राच्या सभेचे पत्रक लावलेले होते. वक्त्यांत त्यांचे नाव दुसरे होते.

मार्चचा हप्ता चुकला. एप्रिलमध्ये मंडळाने टोप, पराती उचलून विकल्या. एकशे एकवीस रुपये दहा आणे आले. वार्षिक अहवालात लिहिले गेले, 'लाभार्थी स्त्रीस व्यवहाराची शिस्त नव्हती.' त्याची प्रत कमळाबाईंना टपालाने आली. शेजारच्या पोराने ती वाचून दाखवली.

आता त्या रमाबाईंकडे भाकऱ्या थापतात. गुणाजी त्यांच्या हातची भाकरी खातो. वर मान करून बघत नाही.

दोन हप्ते आणि विक्री वजा जाता मंडळाचे त्यांच्याकडे तेवीस रुपये सहा आणे येणे आहेत.