स्टिअरिंगवरच्या चपला

माझे काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, ट्रॅक्टरचे मिस्त्री आणि तोंडाचे महाफटकळ. काम करताना उघड्या पडलेल्या पाइपात कचरा जाऊ नये म्हणून ते चिंधीचा बोळा कोंबत आणि आठवणीसाठी आपल्या चपला स्टिअरिंगला टांगत. बोळा निघेपर्यंत अनवाणी राहायचं, हा त्यांचा नेम.

त्या दुपारी त्यांनी आमच्या जुन्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरचा गळका कोअर, म्हणजे पाणी गार करणारी जाळी, काढून नवा बसवला, पाणी भरलं आणि इंजिन सुरू केलं. थोड्याच वेळात तापमानाचा काटा तांबड्यात शिरला.

"भंगार गळ्यात मारलंय दुकानदारानं!" काका कडाडले.

घाबरून बाबांनी रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

"हात मागे घे, दादा! भाजून निघशील!"

काकांनी झटकन इंजिन बंद केलं. वाफ फुसफुसत होती. तेवढ्यात त्यांची नजर स्वतःच्या पायांतल्या चपलांवर गेली.

"या चपला कुणी काढल्या खाली?"

"मीच ठेवल्या तुझ्या पायाशी," बाबा पुटपुटले. "जमीन तापलीय. पाय पोळत होते तुझे."

म्हणजे बोळा पाइपात तसाच होता आणि पाणी फिरतच नव्हतं! आता बाबांची काही धडगत नाही, असं मला वाटलं. पण काकांनी निमूटपणे चपला काढून पुन्हा स्टिअरिंगला टांगल्या आणि पाणी निवायची वाट बघत ते तापल्या जमिनीवर उभे राहिले.

बाबांनीही आपल्या चपला काढल्या आणि ते काकांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.