मागच्या खोलीतली पाहुणी

माझी आत्या लोकांचे कपडे शिवायची आणि उन्हाळ्यात मागची खोली टेनिस खेळणाऱ्या बायकांना द्यायची. आमच्या गल्लीच्या टोकाला हिरवळीची मैदानं होती. तिथे दरवर्षी बायकांची व्यावसायिक स्पर्धा भरे. नावाजलेल्या खेळाडूंची सोय कुठेही लागायची. ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नसे, त्यांना क्लब घरोघरी उतरवायचा. आमच्या वाट्याला आलेली मुलगी दाराच्या चौकटीला डोकं आपटूनच आत आली, म्हणून ती लंबू.

पहिल्याच वर्षी आत्याने पराक्रम केला. लंबूचे बूट धुताना तळाचे रबराचे बारीक उंचवटे तिला चिकटलेली घाण वाटले. तिने ते ब्लेडने साफ तासून टाकले. गवतावर पाय घसरू नये म्हणून ते असतात, हे कळलं तेव्हा लंबू दोनदा आपटून, हरून घरी आली होती. आत्या रडकुंडीला आली. लंबू मात्र पोट धरधरून हसली, आणि पुढच्या वर्षी क्लबला सांगून आमच्याकडेच उतरली. मग दरवर्षीच.

आत्याला टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं. सामना बघायला ती कधी गेली नाही. मशीन थांबवून फाटकाकडे कान लावून बसायची. फाटक धाडकन आपटलं की लंबू जिंकली, हळूच लागलं की हरली. हरली की दुसऱ्या सकाळी बॅग भरून पुढच्या स्पर्धेला. म्हणून आत्या रोज बजावायची, "जिंक गं बाई. अजून एक दिवस तरी राहशील."

बाबा म्हणायचे, "ताई, तुझ्या हातचं खाऊन तिला पळवत नाही." त्या दिवशी बाबांना दुसऱ्यांदा वाढलं जायचं नाही.

मग क्लबला कुणी पैसेवाला भेटला आणि सगळ्याजणींची सोय हॉटेलात झाली. आत्याने तरीही खोली झाडली, लंबूचे पाय बाहेर येतात म्हणून पलंगाला स्टूल लावलं.

"आता कशाला येईल ती इथे?" बाबा म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला, कारण ते खरं वाटत होतं. दुपारी मैदानावरून टाळ्या ऐकू आल्या आणि आत्याने एक बाही उलटी शिवली.

संध्याकाळी फाटक हळूच लागलं.

दारात लंबू उभी होती, सगळ्या सामानासकट. "हरलं की हॉटेल सोडावं लागतं," ती म्हणाली. "आणि आत्या, आता घाई नाही. माझं खेळणं संपलं. स्पर्धा आटपेपर्यंत राहू का?"

आत्याने तिच्या हातातली बॅग घेतली. "इतकी वर्षं मी वेडी जिंक जिंक म्हणत बसले," ती डोळे पुसत म्हणाली. "चल आत. चौकट सांभाळ."

अंतिम सामना बघायला दोघी जोडीने गेल्या. आत्या सगळा वेळ खेळाडूंच्या बुटांकडेच बघत होती.

आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण अजूनही कुठे फाटक हळूच लागलं की मला वाटतं, कुणीतरी राहायला आलं.