तळ्याकडचं वळण

माझे धाकटे दीर गेली अठ्ठावीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहेत. तेवढ्या काळात तीन डॉक्टर बदलले, हे जागचे हलले नाहीत. कंपाउंडर म्हणजे गोळ्या पुडीत बांधून देणारा माणूस, असं लोकांना वाटतं. भाऊजींचं खरं काम जनावर धरण्याचं. डॉक्टर सुई भरेपर्यंत एक हात कुत्र्याच्या गळ्याखालून, दुसरा पोटाखालून घालायचा आणि आपली छाती त्याच्या पाठीला टेकवून उभं राहायचं. फार आवळलं तर ते बिथरतं, सैल सोडलं तर चावतं. त्यांच्या दोन्ही मनगटांवर दातांच्या खुणा आहेत. कुठली खूण कोणाची, ते त्यांना अजूनही सांगता येतं.

लग्न त्यांनी केलं नाही. आमच्या घराच्या मागच्या खोलीत राहतात, जेवायला आमच्यात. कुत्र्यांचं वेड लहानपणापासूनचं, असं सासूबाई सांगायच्या. पण देवाची करणी बघा, ज्याचा जीव कुत्र्यांवर, त्यालाच बघून सगळी कुत्री पळायची. रस्त्यात समोरून आलेलं कुत्रं मालकाला ओढत पलीकडच्या बाजूला न्यायचं. पूर्वी त्यांच्याकडे पेट्रोलची स्कूटर होती. कोणाच्या घरी जाऊन इंजेक्शन द्यायचं असलं, की तिचा आवाज दोन गल्ल्या अलीकडून ओळखून पेशंट पलंगाखाली शिरायचा. एका बाईंनी तर फोन करून सांगितलं, की तुम्ही कोपऱ्यावर उतरून चालत या, नाहीतर आमच्याच्याने पलंग उचलवत नाही. शेवटी त्यांनी आवाज न करणारी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. आमचे हे म्हणाले, "चांगलं केलंस. आता चोरपावलांनी जायची सोय झाली तुझी."

त्या स्कूटरला पुढे पाय ठेवायची जागा सपाट आणि ऐसपैस होती. ती मफलरची जागा.

मफलर म्हणजे भाऊजींचा कुत्रा. पाय मोडलेलं पिल्लू कोणीतरी खोक्यात घालून दवाखान्याच्या दारात ठेवलं, ते न्यायला कोणी आलंच नाही. अंगाने तपकिरी आणि गळ्याभोवती पांढरा पट्टा, म्हणून मफलर. भाऊजींना बघून न पळणारं ते एकच कुत्रं. रविवारी सकाळी दोघं निघायचे. वीटभट्टीच्या बाजूने टेकडीपर्यंत जायचं, तिथे हिंडायचं, मग पुलावरून परत. मफलर पुढे उभा राहायचा, कान मागे पडलेले, डोळे मिटलेले. घरात दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस स्कूटरवर त्या कुत्र्याशी अखंड बोलत असायचा. काय बोलतात म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, दवाखान्यातलं सगळं सांगतो, तो कोणाला सांगत नाही.

सहा वर्षांपूर्वी हेडमास्तरांची म्हातारी कुत्री दवाखान्यात आणली. मूत्रपिंडं निकामी झाली होती, तिला शेवटचं इंजेक्शन द्यायचं ठरलं. ती स्टीलच्या टेबलावर शेवटपर्यंत थरथरत राहिली. भाऊजींनी तिला धरलं होतं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी तीनदा हात धुतले आणि ताट तसंच ठेवून उठले. मी मागोमाग गेले तर म्हणाले, "वहिनी, आयुष्यभर तिने शाळेतल्या मुलांचं प्रेम बघितलं. आणि शेवटी काय, तर माझी पकड."

त्याच सुमारास तळ्यावरचा बोट क्लब बंद पडला आणि सामान विकायला निघालं. भाऊजींनी दोन माणसांची एक जुनी कयाक घेतली. कयाक म्हणजे लांबट, निमुळती, हलकी होडी, दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालवायची. लाल रंग उन्हाने गुलाबी झालेला. घेतली स्वतःसाठी, पहाटे वल्हवायला. तळ्यावरून आले की चेहरा असा मोकळा दिसायचा, की मला वाटायचं, चला, देवाने याला काहीतरी दिलं.

मग एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या कुत्र्याची वेळ आली, तेव्हा भाऊजींनी दवाखान्यातल्या आताच्या डॉक्टरीणबाईंकडे अर्ध्या दिवसाची मुदत मागितली. त्या कुत्र्याला स्कूटरवर बसवून त्याच्या आवडीच्या गल्ल्यांतून हळूहळू फिरवलं. मग तळं. कयाकची पुढची बैठक काढून तिथे रबराची चटई टाकली होती. तळ्याच्या मध्यावर जाऊन वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि नुसते बसून राहिले. कुत्र्याने पाण्याचा वास घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि थोड्या वेळाने पेंगायला लागलं. काठावर आले तेव्हा डॉक्टरीणबाई गवतावर बसून होत्या. शेजारी बसलेल्या शिवणकामवाल्या बाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पुढचं सगळं झोपेतच झालं. "आज धरावं लागलं नाही," एवढंच भाऊजींनी मला सांगितलं आणि दोन वेळचं जेवले.

तेव्हापासून हा रिवाजच पडला. तीसएक कुत्री तरी त्यांनी अशी नेली असतील. मालक चालढकल करायला लागला, की ते हलक्या आवाजात म्हणायचे, "तुमच्यासाठी त्याला थांबवून ठेवू नका." लोक ऐकायचे, कारण सांगणारा माणूस तसा होता.

पंक्चरवाल्याच्या दुकानापाशी तळ्याकडे जायचं वळण आहे. भाऊजींची स्कूटर पुढे कुत्रं घेऊन तिकडे वळली, की पंक्चरवाला रेडिओ बंद करून उभा राहायचा. आमचे हे कधी बाजारात जायचं असलं तर म्हणायचे, "मी आपला चालत जातो. तुझ्या स्कूटरवर बसलो तर लोक घरी भेटायला येतील."

पण मफलरला त्यांनी कधी पाण्यावर नेलं नाही. त्या वळणावर आलं की मफलर मान तिकडे करायचा, शेपटी हलवायचा, आणि भाऊजी स्कूटर उलट्या बाजूला घ्यायचे. मी एकदा बोलून गेले, की त्यालाही दाखवा की तळं. तर म्हणाले, "त्याचं अजून काही काम नाही तिकडे."

या वर्षी काम निघालं. मफलरला चौदावं लागलं होतं. प्लीहेला गाठ, आणि ती पसरलेली. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा फोटो दाखवला आणि म्हणाल्या, की तुम्हाला मी वेगळं काय सांगू, दोन आठवडे धरून चला. पहिला आठवडा बरा गेला. नंतर त्याने खाणं सोडलं, मागचे पाय लुळे पडले. उचलून बाहेर न्यावं लागायचं, आणि उचललं की कण्हायचा. तो आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

भाऊजी रोज म्हणायचे, उद्या नेतो. मग एके दिवशी वारा होता. एके दिवशी पाणी गढूळ होतं. एके दिवशी म्हणाले स्कूटरचं चार्जिंग नाही, आणि चार्जरचा हिरवा दिवा माझ्या डोळ्यांसमोर लागलेला. आमच्या यांनीही थट्टा सोडली, ज्यांच्या घशाखाली थट्टेवाचून घास उतरत नाही त्यांनी.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या. मफलरच्या पोटावरून हात फिरवला आणि भाऊजींकडे न बघता म्हणाल्या, "कंपाउंडर, दुसऱ्या कोणाला तुम्ही असं करू दिलं असतं का?"

भाऊजी उठून मागच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

मी देवाकडे फारसं काही मागत नाही. वेळेवर सुचू दे, एवढंच म्हणते. त्या दिवशी हात जोडून बसले होते, तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हा माणूस सुईला भीत नाहीये. सुया त्याने आयुष्यभर हाताळल्यात. तो भितोय तळ्याला. त्या पाण्यावरून घरी आलेलं एकही कुत्रं त्याने बघितलेलं नाही.

सकाळी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, "भाऊजी, आज मफलरला तळ्यावर नेऊ. डॉक्टरीणबाईंना कळवायचं नाही. नुसतं फिरायला जायचं."

त्यांनी कप खाली ठेवला. "वहिनी, तिकडून कोणी परत येत नाही."

"आपण येऊ की. माझा स्वयंपाक पडलाय."

मफलरला पुढे दुपट्यावर निजवलं, मी मागे बसले. वळणापाशी पंक्चरवाल्याने आम्हाला बघितलं. रेडिओ बंद झाला. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मी समोर बघत राहिले.

मफलरला बसवत नव्हतं, तेव्हा त्याला मांडीवर घ्यायला कोणीतरी हवं होतं. मला पोहता येत नाही. साडीवर लाइफ जॅकेट चढवून मी कयाकच्या पुढच्या भागात बसले, मफलरला मांडीवर घेतलं आणि मनात नाम सुरू केलं. काठ सुटला तसे डोळे गच्च मिटून घेतले. मागे वल्ह्याचा आवाज एका लयीत येत होता, पाणी निथळायचं, पुन्हा बुडायचं. थोड्या वेळाने मी डोळे उघडले.

मफलरने मान उचलली होती. नाक हलत होतं. मी त्याला कडेला जरासं टेकवलं, तर जीभ लांब करून तळ्याचं पाणी प्यायला, दोन दिवसांत घोटभर न प्यायलेला तो. तेवढ्यात जवळच एक पाणकावळा पाण्यातून वर आला, आणि मफलर भुंकला. आवाज कसला, नुसता खोकल्यासारखा. पण पाणकावळ्याने बुडी मारली. मागे भाऊजी हसले. ते हसणं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मग ते त्याच्याशी बोलायला लागले. हेडमास्तरांची कुत्री इथे यायला हवी होती, शिवणकामवाल्या बाईंचा त्या तिथे झोपला होता, असं एकेक सांगत राहिले. मी तिथे आहे हे विसरले असावेत. तासभर आम्ही पाण्यावर होतो.

परत येताना पंक्चरवाला ट्यूब हातात घेऊन पाण्याच्या घमेल्यापाशी बसला होता. आम्ही दिसलो तसा तो ट्यूब टाकून रस्त्यावरच आला.

"परत आला?"

भाऊजींनी स्कूटर थांबवली. "आला. फिरायला गेला होता."

पंक्चरवाल्याने मफलरच्या मानेवरून हात फिरवला. पांढऱ्या पट्ट्यावर काळी बोटं उमटली. त्याने हात मागे घेतला आणि चुकलं म्हणाला. भाऊजी म्हणाले, राहू दे.

घरी मफलरने अर्धं उकडलेलं अंडं खाल्लं आणि झोपला. संध्याकाळ व्हायच्या आत पुन्हा कण्हायला लागला. भाऊजी त्याच्याजवळ बराच वेळ बसले. मग स्वतः उठून फोन लावला आणि म्हणाले, "उद्या सकाळी या. तळ्यावर नाही, घरी."

मागच्या दारात सकाळी ऊन येतं. तिथे त्याला निजवलं होतं. डॉक्टरीणबाई आल्या, जमिनीवरच बसल्या, बॅग उघडली. औषध वजनावर मोजायचं असतं. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वजन?" आणि मग त्या ओशाळल्या.

भाऊजींनी त्याला पहाटेच उचलून काट्यावर घेतलं होतं.

"साडेचौदा," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "एकोणीस होता."