रातकिड्यांचं डस्टिंग

आयर्लंडमधल्या गॉलवेतल्या मराठी घरांत वृंदा खानझोडेचं नाव निघालं की कुणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे त्या सरडेवाल्या वृंदाताई ना?" वृंदाला याचा राग येत नाही. उन्हाळ्यात स्पेनला निघालेली आयरिश कुटुंबं तिच्याकडे आपापले सरडे, पाली आणि एकदा तर एक म्हातारं कासव सोडून गेली आहेत, आणि सगळी जनावरं टुणटुणीत परत गेली आहेत. ही तीच वृंदा, जी नागपूरच्या घरी मोरीत झुरळ दिसलं की स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून बसायची. पण हे फक्त घरच्यांना ठाऊक आहे. आणि ही सगळी ख्याती एका ब्रशाच्या घोळातून सुरू झाली, हेही.

नागपुरात वृंदा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. हातमोजे, लेबलं, नमुने, सगळं जागच्या जागी. तिच्या टेबलावरून चुकीचा रिपोर्ट कधी गेला नाही, असं डॉक्टर सांगत. मग शिरीषला गॉलवेत हृदयाच्या उपकरणांचं सॉफ्टवेअर लिहिण्याची नोकरी लागली आणि दोघं इथे आली. व्हिसा शिरीषच्या नोकरीचा. वृंदाला काम करायची परवानगी नव्हती. सकाळी तो गाडी घेऊन गेला की समोर नुसता पाऊस आणि तिची ती. ज्या बाईच्या हातात रोज शंभर माणसांचं रक्त विश्वासाने यायचं, तिच्यावर आता कुणी साधी कुंडीसुद्धा सोपवत नव्हतं.

शेजारी नूला राहायची. शाळेतून निवृत्त झालेली, उंच, बोलकी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून बागेत फिरणारी. नूलाने तिला चहा पाजला आणि इथली भाषा शिकवली. कपाटाला इथे 'प्रेस' म्हणतात. गरम पाण्याच्या टाकीभोवती चादरी-टॉवेल ठेवायचं उबदार कपाट असतं, ते 'हॉट प्रेस'. घर भाड्याने घेतलं तेव्हा घरमालक म्हणाला होता, "टॉवेल हॉट प्रेसमध्ये आहेत," आणि वृंदाने घरभर इस्त्री शोधली होती. ही गोष्ट ऐकून नूला डोळे पुसेपर्यंत हसली होती.

नूलाकडे फिंटन होता. फिंटन म्हणजे शॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा. अजून पोरसवदा, वाढीच्या वयातला, डोक्यावर शिरस्त्राणासारखा तुरा, आणि दोन डोळे दोन दिशांना. नूलाच्या मुलाने, कॉर्मकने, तो हौसेने आणला आणि थोड्याच दिवसांत पर्थला नोकरी धरली. आता तो दर रविवारी ऑस्ट्रेलियातून फोन करायचा आणि आधी विचारायचा, "फिंटन कसा आहे?" मग, "आणि तू?" नूला चिडल्याचं नाटक करायची. पण फिंटनचा दिवा, त्याचं पाणी, त्याचे किडे यांत ती कधी चुकत नसे. मुलाने मागे ठेवलेलं तेवढंच होतं.

दोन हजार पाचच्या शरद ऋतूत नूलाच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर महिना-दीड महिना ती ट्रलीला बहिणीकडे राहणार होती. फिंटनला तिने वृंदाच्या हवाली केलं. टॅक्सी दारात उभी, आणि नूला कुबडीवर टेकून भराभरा सूचना देत होती.

"किडे हॉट प्रेसमध्ये आहेत. द्यायच्या आधी जरा वेळ फ्रिजमध्ये ठेव, म्हणजे सुस्त होतात. त्याच्या दोन डोळ्यांत जेवढं अंतर, त्याहून मोठा किडा द्यायचा नाही. उरलेले पिंजऱ्यात सोडायचे नाहीत, तो झोपला की त्यालाच चावतात. अळ्या काचेच्या वाटीत, म्हणजे चढून पळत नाहीत. बागेतला किडा अजिबात नको, कुणी काय फवारलंय कुणास ठाऊक. आणि डस्ट कर हं, दर वेळी! सगळं शेजारीच ठेवलंय. ग्रँड राहील तो, एकदम मजेत."

"हॉट प्रेस. कळलं," वृंदा ऐटीत म्हणाली. जे अवघड होतं ते तिला येत होतं. 'डस्ट' विचारायचा प्रश्नच नव्हता. तो शब्द तर नागपुरातही रोज सकाळी घरोघरी चालतो.

नूलाच्या हॉट प्रेसमध्ये चादरींच्या खालच्या फळीवर किरकिरणाऱ्या रातकिड्यांचा डबा होता. त्याच्या शेजारी एक मऊ जुना ब्रश, आणि जॅमच्या बाटलीत कसलीशी पांढरी पूड. पुडीचं काम वृंदाने लगेच ओळखलं. चादरी असतात तिथे स्टार्च असणारच. तिने बाटली नीट मागे सरकवली आणि ब्रश उचलला.

त्या दिवसापासून ती रोज सकाळी नूलाकडे जाऊन रातकिडे डस्ट करू लागली. पहिल्या दिवशी तिने डब्याचं झाकण दोनदा उघडून परत लावलं. पण एकदा हातमोजे चढले की जुनी वृंदा जागी झाली. सुस्तावलेला किडा चिमट्यात हळूच धरायचा, पाठ पुसायची, पाय पुसायचे, मिशा पुसायच्या, डब्यातल्या कोंड्याचा कणही ठेवायचा नाही. मग चकचकीत किडा फिंटनपुढे. फिंटन एक डोळा फिरवायचा, मग दुसरा, जीभ गोळीसारखी सुटायची आणि 'टप्' असा आवाज यायचा.

याच सुमारास शिरीषची आई, सुलभाताई, अमरावतीहून आल्या. सुनेचा उद्योग पाहून त्या दारातच थबकल्या.

"काय करून राहिली व तू हे?"

"आई, रातकिडे पुसतेय. सरड्याला द्यायचे आहेत."

"जिवंत?"

"मेलेले तो खात नाही."

"अरे बापा! आपल्या घरी अंडं शिजत नाही, अन् तू इथं येऊन जितेजागते जीव सरड्याच्या तोंडी देऊन राहिली? अन् तेही आंघोळ घालून?"

शिरीष हसू दाबत म्हणाला, "आई, नैवेद्य सोवळ्यातलाच लागतो ना?"

"तू गप्प बस रे."

दोन दिवस सुलभाताई नूलाच्या घरात पाऊल टाकीनात. तिसऱ्या दिवशी गाजराचा कीस आणि मेथीची पानं घेऊन आल्या आणि रातकिड्यांच्या डब्यात घालू लागल्या. वृंदाने पाहिलं तशा म्हणाल्या, "जाणारच आहेत बिचारे, तर उपाशी काहून पाठवायचे?" मग रोज भाजी निवडून झाली की थोडा पाला डब्यात जाऊ लागला.

असे काही आठवडे मजेत गेले. आणि मग एका सकाळी फिंटनचा नेम चुकला.

जीभ अर्धीच बाहेर आली आणि खाली लोंबली. किडा जागेवरच. फिंटनने ती सावकाश आत ओढून घेतली, जणू लाजला असावा. वृंदाला वाटलं, चुकला असेल. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग तिच्या लक्षात आलं की फांदीवरची त्याची पकड सुटते आहे. पुढचे पाय कोपरापाशी जरा वाकडे दिसतात. आणि रंग, तो तर दिवसभर मातकट.

तिने नूलाच्या सूचना एकेक आठवून पाहिल्या. दिवा तपासला, चालू होता. पाणी नियमित फवारलं होतं. किडे मोजून-मापून आणि स्वच्छ. या देशात आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी तिच्यावर एक जीव सोपवला होता, आणि तो तिच्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता. नूला परत येईल तेव्हा तिला काय दाखवायचं? रिकामा पिंजरा?

शिरीषने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पिंजऱ्यावर शाल पांघरून तिघं प्राण्यांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर एमर नावाची तरुण मुलगी होती, बाहीवर कुत्र्याचे केस चिकटलेली. तिने फिंटनला हातावर घेतलं, पाय हळूच चाचपले, एक्स-रे काढून आणला.

"हाडं मऊ पडायला लागली आहेत. कॅल्शियम कमी पडतंय. किडे डस्ट करता ना?"

"रोज," वृंदा म्हणाली.

"अधूनमधून राहून जात असेल?"

"एकही किडा सोडत नाही मी. एकेक करते."

एमरने कपाळाला आठी घातली. "मग दिवा जुना असेल, त्याचं ऊन पुरत नसेल."

"नवा आहे. नूलाने जायच्या आधीच बदलला."

"विचित्रच आहे." एमर पेनाने टेबलावर टकटक करत राहिली. मग तिने खणातून रातकिड्यांचा एक डबा काढला. "तुम्ही कसं करता ते मला एकदा करून दाखवा बरं."

वृंदा सगळी तयारी घेऊनच आली होती. तिने हातमोजे चढवले, पर्समधून चिमटा आणि ब्रश काढला, एक किडा धरला आणि कामाला लागली. पाठ. पाय. मिशा, आधी डावी, मग उजवी. एमर पाहत राहिली.

"हे काय करताय?"

"डस्टिंग."

रातकिडा तेवढा किरकिरला. एमरने पेन खाली ठेवलं, कपाटातून पांढऱ्या पुडीची बाटली आणि एक पिशवी आणली. पिशवीत पूड टाकली, चार-पाच रातकिडे सोडले, तोंड धरून हलकेच हलवलं आणि उघडून दाखवलं. किडे भुतासारखे पांढरेफटक.

"याला म्हणतात डस्टिंग," ती म्हणाली. "किड्यांमध्ये कॅल्शियम फारसं नसतं. म्हणून ही पूड वरून लावायची."

"अगं माय," मागून सुलभाताईंचा आवाज आला, "शंकरपाळे पिठीसाखरेत घोळवतात तसं व!"

वृंदाने ब्रश खाली ठेवला. नागपुरात डस्टिंग म्हणजे धूळ पुसणं. इथेही तेच. मग त्याच शब्दाचा अर्थ पूड लावणंही असतो, हे तिला कुणी सांगितलं होतं? आणि ती बाटली! चादरींचा स्टार्च! ती रोज पूड लावायची सोडून किड्याच्या अंगावरचा कोंडासुद्धा झटकून देत होती.

"मी मारलं त्याला," ती मराठीतच म्हणाली.

एमरला शब्द कळले नसतील, पण चेहरा कळला. "नाही, नाही. सुरुवातच आहे. वेळेत आणलंत. किड्यांना खायला काय घालता?"

वृंदाने सुलभाताईंकडे पाहिलं. "गाजर. मेथी. कोथिंबीर."

"म्हणूनच एवढ्यावर निभावलं. किड्याच्या पोटात जे असतं, तेही याच्याच पोटात जातं." तिने कॅल्शियमचं औषध दिलं, ड्रॉपरने तोंडात घालायचं. "जीभ पुन्हा लांब जायला लागली की समजा, सुटलात. तोवर किडा चिमट्याने तोंडाशी धरा. पण खात्री देत नाही हं."

गाडीत सुलभाताईंनी पिंजऱ्यावरची शाल नीट केली. मग म्हणाल्या, "काय म्हणत होती ती, पालापाचोळ्याबद्दल?"

"तुमच्यामुळे तो वाचला म्हणाली," शिरीष म्हणाला.

"हं," एवढंच म्हणून त्यांनी पदर सावरला आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

रविवारी ट्रलीहून नूलाचा फोन आला. शिरीषने हळूच सुचवलं, "इतक्यात सांगू नकोस. ती येईपर्यंत बरा होईल तो." वृंदाने नकारार्थी मान हलवली. लॅबमध्ये नमुना बिघडला तर सांगायचा असतो, लपवायचा नसतो. तिने फोनवर सगळं सांगितलं. ब्रश, मिशा, स्टार्च, वाकडे पाय.

"मिशासुद्धा?" नूलाने विचारलं.

"दोन्ही."

पलीकडून एक चिरका आवाज आला. वृंदाला वाटलं, ती रडतेय. मग लक्षात आलं, नूला हसतेय. "हसवू नकोस गं, खुबा दुखतो!" मग तिचा आवाज हळूच खाली आला. "चूक माझी आहे. टॅक्सीच्या घाईत सांगितलं मी. पण वृंदा, तो... जगेल ना?"

"प्रयत्न करतेय," वृंदा म्हणाली.

त्यानंतर रोज सकाळी औषधाचे थेंब, पिशवीत घोळवलेले किडे, आणि चिमटा. फिंटन तोंड उघडायचा, चघळायचा, पण जीभ काढायचा नाही. वृंदा रोज एक किडा त्याच्यापासून हातभर अंतरावर फांदीवर ठेवून पाहायची. तो एक डोळा तिकडे फिरवायचा आणि परत आणायचा. अंगावर मात्र हिरवा रंग हळूहळू चढत होता. पकडही घट्ट होत होती. तरी जीभ नाहीच.

एका सकाळी तिने नेहमीप्रमाणे पांढरा किडा फांदीवर सोडला आणि वाटी धुवायला वळली. मागे आवाज आला. टप्.

ती वळली. फांदी रिकामी होती. फिंटनचे गाल हलत होते आणि ओठाला पांढरी पूड लागली होती.

वृंदा तिथेच जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मेथीची जुडी घेऊन आत आलेल्या सुलभाताई दारात घाबरून थांबल्या.

"काय झालं व? गेला का तो?"

"नाही आई. जेवला! लांबून, स्वतःच्या जिभेने!"

"मंग रडून काहून राहिली, वेडी?" सुलभाताई गुडघ्यावर हात टेकत तिच्या शेजारी खाली बसल्या. बराच वेळ त्या फिंटनकडे पाहत राहिल्या, आणि तोही एका डोळ्याने त्यांच्याकडे. मग त्यांनी कोपराने सुनेला ढोसलं.

"पाहून काय राहिली? दे त्याला आणखी एक. आजारातून उठलेल्या जीवाला कोणी एका घासावर उठवते का?"